चाखून पाहिलेली गाडी

शांतीबाई गाडीतून उतरल्या नाहीत ते नाहीतच.

सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या धाकट्या लेकाने, सुजयने, खांब गावाहून ती काळी मर्सिडीज आणून व्याही काळुरामांच्या अंगणात उभी केली, तेव्हापासून त्या मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. काच तेवढी खाली केली होती. नऊ वर्षांपूर्वी, थोरल्या लेकाच्या तेराव्याला, त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं की या माणसाच्या अंगणाला माझा पाय लागायचा नाही. शब्द पायाचा होता. चाकांचं त्या काही बोलल्या नव्हत्या. त्यामुळे नातवाची गाडी बघायला त्या खांबपासून थेट पेणच्या खाडीपट्ट्यात आल्याही होत्या आणि शब्दाला जागल्याही होत्या. अशी पळवाट त्यांच्यासारख्या बाईलाच सुचावी.

अनिताने चहाचा कप काचेतून आत दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, पाय तरी मोकळे करा जरा."

"मोकळेच हायत गो. जाम जागा हाय हितं," शांतीबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतून घेतला.

अनिताला हसू आलं. ते तिने पदराआड लपवलं, कारण ओट्यावरून तिची आई इंदुबाई बघत होती. अनिता म्हणजे या दोन घरांमधली एकच वाट. शांतीबाईंची ती थोरली सून आणि काळुरामांची एकुलती लेक. नवरा आदर्श गेला आणि ती सोळा वर्षांच्या प्रणितला घेऊन माहेरी आली. त्यानंतर खांबचं घर आणि खाडीचं घर यांच्यात शब्द बंद झाला. पण दर माघात खांबहून वालाचं एक पोतं कोणत्या ना कोणत्या टेम्पोने येऊन पडायचं, सोबत निरोप नाही, चिठ्ठी नाही. पहिल्या वर्षी काळुरामांनी ते तीन दिवस ओट्यावर तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी उघडलं, आणि चैत्रात मिठागरावरचं जाडं मीठ भरून एक पोतं खांबला धाडलं. बोलणं बंद, पोती चालू, असं गावातले लोक म्हणायचे. त्या वालाच्या बिरड्यावर अनिताचं पोर वाढलं होतं. दोन्ही घरांनी आपल्याला कधी एकटं पाडलं नाही, हे ती रोज भात वैरताना मनात आणायची. देवापुढे हात जोडताना मात्र तिचं मागणं एकच असायचं, ही दोन घरं एकदा एका पंगतीला बसू देत.

आज ते होईल असं तिला पहिल्यांदा वाटत होतं. निमित्त गाडीचं होतं.

प्रणितची एक सात जणांची टुरिस्ट गाडी होती आणि ती चांगली चालत होती. पण लग्नसराईत गिऱ्हाईक फोन करायचं आणि पहिलं विचारायचं, नवरदेवाला मोठी गाडी आहे का. मग वधूवर मुंबईची गाडी बोलवायचे आणि प्रणित नुसती वऱ्हाडं वाहायचा. दोन वर्षं पोराने ओव्हरटाइम केल्यासारखं राबून पैसा बाजूला टाकला होता. त्यात एक जुनी मर्सिडीज येत होती. एकच. चुकली तर पुन्हा घ्यायला काही उरणार नव्हतं.

हे खांबला कळलं आणि सुजयचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही प्रणितला नाही, अनिताला. म्हणाला, वहिनी, गाडी मी बघतो. दादाच्या पोराला गाडी मीच आणून देणार. अनिता फोन ठेवून बराच वेळ मागल्या दारात बसून राहिली होती. दिरावर केवढं ओझं आहे ते तिला ठाऊक होतं आणि ते गाडीचंच होतं.

तर आता अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, पण त्यांच्यात तीस वर्षांचं अंतर.

थोरली सायीच्या रंगाची, सत्त्याऐंशी सालची. ती मिठागरवाल्या शेठची. शेठ जाऊन पाच वर्षं झाली, नातू रितेश मुंबईत असतो, त्याला ती ठेवायला जागा नव्हती. तिच्याबरोबर रघू मिस्त्री आला होता. तीस वर्षं त्या गाडीचं सगळं त्यानेच केलं होतं आणि मुलीचं स्थळ दाखवायला आलेल्या बापासारखा तो तिच्या शेजारी अवघडून उभा होता. काचा हाताने फिरवायच्या, एसी नावापुरता, स्टिअरिंग एवढं मोठं की त्यावर भाकरी थापावी. पण दार लावलं की असा भरीव आवाज यायचा की ओट्यावरचं मांजर मान वर करायचं.

धाकटी काळी, सतरा सालची. बटण दाबलं की सीट पुढेमागे सरकायची, छत उघडून आभाळ दिसायचं, मागे घ्यायला लागलं की पडद्यावर कुंपण दिसायचं आणि गाडी टुंटुं करायला लागायची. सुजय सगळं दाखवत होता आणि प्रणितच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की पोरगं पाघळलं आहे. इंदुबाईंनी ओट्यावरूनच मत दिलं की काळीच बरी, नवरीची साडी चुरगळायची नाही. शांतीबाई तर काळीच्या पोटातच बसल्या होत्या, त्यांचं मत विचारायची गरज नव्हती. थोरलीच्या बाजूने फक्त रघू आणि काळुराम.

"म्हातारीचं इंजिन पोटात घेऊन झोपावं असं हाय," रघू म्हणाला. "काय बिघडलं तर मी हाय, पेणमधी हाय. हिचं बिघडलं," त्याने काळीकडे हनुवटी केली, "तर लॅपटॉप जोडाया मुंबई गाठा."

"मिस्त्री, फोटोत इंजिन येत नाय," सुजय म्हणाला. सगळे हसले, रघूसुद्धा.

काळुराम हसले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस गेली दोन वर्षं काठी घेऊन चालत होता, पण चाळीस वर्षं त्याने मिठाचे वाफे राखले होते. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कधी सोडायचं, मीठ कधी धरेल, हे तो बोट बुडवून जिभेला लावून सांगायचा. शेठ शहरातून कसली कसली यंत्रं आणायचा आणि शेवटी काळुरामलाच हाक मारायचा. ती सवय हाडात गेली होती. विहिरीचं पाणी असो, नवीन पंप असो, उधाणात बुडालेलं भात असो, म्हातारा आधी बोट लावायचा, मग चाखायचा. इंदुबाई चिडायची, लहान पोराचे चाळे आहेत म्हणायची.

त्यांनी आधी थोरली चाखली. पुढच्या पायाखालच्या चटईत हात घालून सीटखालच्या लोखंडी पट्टीला बोट लावलं, जिभेवर टेकवलं, थुंकले, पसंतीची मान हलवली. शेठ गाडी मिठागरावर आणायचाच नाही, म्हणाले. डांबरी रस्त्यावर झाडाखाली ठेवायचा आणि बांधावरून चालत यायचा, लोखंडाला खार लागतो म्हणून. तीस वर्षं ते बांधावरून बघितलं होतं, आज पहिल्यांदा हात लावला.

मग ते काळीकडे वळले. पुढे सुजय आणि प्रणित पडद्यात डोकं घालून बसले होते, म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं. काठी टेकवली, गुडघ्यावर हात दिला आणि शांतीबाईंच्या पायांपाशी वाकले.

शांतीबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"राहू द्या व्याही," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पाया पडून आता काय व्हायचंय."

"चटई बघतोय, विहीणबाई," खालून आवाज आला. "पाय उचला जरा."

नऊ वर्षांनंतर दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. अनिताला एवढं हसू फुटलं की ती ट्रे घेऊन आत पळाली. शांतीबाईंनी पाय उचलले, पण लालबुंद होऊन.

आत जाता जाता अनिताने वळून पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. बाबांनी बोट जिभेला लावलं होतं. ते थुंकले नाहीत. बोट पुन्हा खाली नेलं, पुन्हा चाखलं, आणि मग लुंगीला तीनदा पुसलं. तो हात ती लहानपणापासून ओळखत होती. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं होतं त्या वर्षी बाबांनी असंच बोट पुसलं होतं.

थोड्या वेळाने ते मागल्या दाराशी आले. आत इंदुबाई भाकऱ्या थापत होत्या, आवाज जाऊ नये म्हणून काळुरामांनी अनिताला बाहेर खुणावलं.

"अनू, ती काळी पाण्यात हुती."

"पावसात भिजली असंल, बाबा."

"पावसाचं पाणी जिभेला लागत नाय. बोल्ट खारट हाय आन् बोटाला गाळ येतो. खाडी नायतर दर्या. वरनं धुवून अत्तर मारलंय, पर खार कुठं जातोय." ते काठीकडे बघत राहिले. "सुजयला ठावं नसंल. पोरगा तसा नाय. पर मी काय करू सांग. गप बसलो तर नातू बुडतो. बोललो तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने नऊ वर्सांचा डूख धरला. एकदा बोललोय मी त्या पोराला. परत माझ्याच तोंडातनं नको."

बाप असं बोलेल असं अनिताला कधी वाटलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातली काठी सरळ करून दिली आणि म्हणाली, मी बघते.

ती शेवग्याखाली जाऊन उभी राहिली, पण पाय लगेच पुढे पडेनात. तेराव्याचा तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला. खांबच्या अंगणात जेवणं आटोपली होती आणि काळुराम ताडकन उठून म्हणाले होते, घरात टेम्पो असून माझा जावई रिक्षाची वाट बघत मेला, भावाला कलिंगडं मोठी झाली. ते खरंच होतं. त्या सकाळी सुजय टेम्पोत कलिंगडं भरून मार्केटला गेला होता, दहा वाजता आदर्श ओटीवर कोसळला, रिक्षा मिळून रोह्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुजयने मान खाली घातली आणि एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून ती मान खालीच होती.

पण त्या पहाटे अनिता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आदर्श छाती चोळत होता. सुजय टेम्पोची किल्ली हातात घेऊन म्हणत होता, दादा, आधी तुला डॉक्टरकडे सोडतो, मग जातो. आणि आदर्श त्याच्यावर खेकसला होता, मला काय झालं नाय, माल दोन दिवसांचा आहे, नासेल, निघ तू. सुजय दोनदा मागे फिरला आणि दोनदा आदर्शने त्याला घालवला.

हे सुजय तेराव्याला बोलू शकला असता. एका वाक्यात सुटला असता. पण मग सगळ्यांनी मेलेल्यालाच दोष दिला असता, की हट्टाने मेला, बायकोपोराचा विचार केला नाही. ते नको म्हणून भाऊ गप्प बसला. आणि ते नको म्हणूनच बायकोही गप्प बसली. आपल्या नवऱ्याचं नाव दिराने स्वतःच्या मानेवर सांभाळलं, याचे उपकार अनिताने नऊ वर्षं मनात मानले होते आणि एकदाही तोंडाने बोलून दाखवले नव्हते. आज तोच माणूस गाडी घेऊन दारात आला होता, आणि आजही तो गाडीवरूनच खाली बघणार होता.

सुजय हात धुवायला मागे आला. तिने त्याला सरळ सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, कारण त्याच्याशी आडपडदा ठेवणं तिला जमायचं नाही.

आधी त्याचा चेहरा आवळला. "त्यांना माझीच गाडी खारट लागली व्हय, वहिनी? शेठची गोड लागली?"

"बाबांनी कुणाला सांगितलं नाय, भावजी. मला सांगितलं. तुमचं नाव खाली जाऊ नये म्हणून."

तो नळ बंद करायला विसरला. पाणी वाहत राहिलं. मग तो हळूहळू बोलायला लागला. कोलाडच्या हॉटेलात ओळख झालेल्या एका माणसाने हा एजंट दाखवला होता. गाडी चालवून बघितली, मऊ चालली, कागद बघितले, सरळ होते. "पर मी पट्टा ओढून बघितला नाय, वहिनी. वीस वर्सं गाड्या हाताखालनं गेल्या, दुसऱ्याला पयलं हेच सांगतो. पुरातली गाडी सगळी धुता येते, पर सीटबेल्ट आत गुंडाळलेला असतो, तो शेवटपर्यंत कोण धूत नाय. मीच नाय बघितला. मला घाई झाली हुती." कशाची घाई ते तो बोलला नाही. अनिताला कळलं.

तो गेला आणि गाडी सावलीत घ्यायची असल्यासारखा ड्रायव्हरच्या सीटवर बसला. अनिता काचेपाशी उभी राहिली. त्याने पट्टा ओढला. काळा, स्वच्छ पट्टा हातभर आला, दोन हात आला. अगदी शेवटच्या वितीवर तपकिरी डाग होता, वाळलेल्या गाळाचा, वर एक रेघ, खाली एक रेघ.

"काय करतोस रं?" मागून शांतीबाईंनी विचारलं.

सुजयने पट्टा सोडला. तो सळसळत आत गेला आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी देखणी दिसायला लागली. हे दोघांनीच पाहिलं होतं.

अनिता काचेत वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "एजंटाचा फोन आला, गाडी दुसऱ्याने घेतली, असं सांगा. बाबा काय बोलायचे नाय. मी पण नाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते पण तोंडावर हसू होतं. "नको वहिनी. एकदा गप बसलो, ते दादासाठी. आज स्वतःसाठी गप बसलो तर त्याला पण अर्थ राहायचा नाय."

तो उतरला आणि प्रणितला हाक मारली. सगळ्यांसमोर पट्टा पुन्हा ओढला, शेवटपर्यंत, आणि ती रेघ त्याच्या हातात दिली.

"ही घ्यायची नाय. बुडालेली हाय, खाऱ्या पाण्यात. मी बघायला पायजे हुतं, नाय बघितलं. तुझ्या आजोबांनी चाखून ओळखलं, पर मला चारचौघांत उघडं पाडलं नाय." तो काळुरामांकडे वळला. "तुमचे उपकार झाले, बाबा. पोराचं सगळं गेलं असतं माझ्या हातनं." मग रघूकडे हात करून प्रणितला म्हणाला, "म्हातारीच घे. सकाळपास्नं तिचं इंजिन ऐकतोय मी, मुद्दाम बोललो नाय. तिच्यासारखी सांगून मिळायची नाय."

रघू मिस्त्रीला आनंद झाला होता, पण तो दाखवायची ही वेळ नाही एवढं त्याला समजत होतं. प्रणित पट्टा हातात धरून काकाकडे बघत राहिला. इंदुबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

मागच्या सीटवरून शांतीबाईंचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "झालं? फिरव गाडी. मी सांगितलं हुतं, ह्या माणसांपुढं तुझं बरं व्हायचं नाय. त्या दिशी मान खाली, आज पण मान खाली. चल घरला."

सुजयने किल्ली चाचपली. आईपुढे तो कधी बोलला नव्हता.

ही गाडी आता फाटकाबाहेर पडली की संपलं. शांतीबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. आणखी नऊ वर्षं रुसायला कोणाजवळ आहेत? ज्याच्यासाठी आजवर तोंड मिटलं होतं, तो मिटलेल्या तोंडाने परत येणार नव्हता, आणि ज्यांना ते उघडल्याने काही मिळणार होतं ती सगळी इथे या अंगणात उभी होती. ती गेली आणि मागच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

"आत्याबाई, त्या दिशी भावजींना त्यांनीच पाठवलं हुतं."

"कुणी?"

"तुमच्या लेकाने. छातीत दुखत हुतं, भावजी डॉक्टरकडं नेतो म्हणत हुते. दोनदा माघारी फिरले. ह्यांनी दोनदा हाकलून दिलं, माल नासेल म्हणून. मी दारात हुते, मी ऐकलंय." आता थांबून चालणार नव्हतं. "भावजी बोलले नाय, कारण लोकांनी ह्यांना नावं ठेवली असती. मी पण त्याच्यासाठीच बोलले नाय. भावजी, तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव राखलंत, आन् मी तुम्हाला नऊ वर्सं खाली मान घालून फिरू दिलं. तुमचे उपकार मी कसे फेडू मला कळत नाय."

"त्यात उपकार कसले," सुजय कसाबसा म्हणाला. "माझा दादा हुता तो."

प्रणितने पट्टा सोडून दिला. बापाबद्दल इतकी वर्षं घरात सगळे जपून बोलायचे, फोटोतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. कोणावर तरी खेकसणारा, कलिंगडांची काळजी करणारा बाप त्याला नऊ वर्षांनी पुन्हा भेटत होता. तो काकाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

काळुराम काठी टेकत पुढे आले. चार पावलांना त्यांना बराच वेळ लागला.

"सुजय," ते म्हणाले. "पाणी असो, मीठ असो, मी जनमभर चाखून बोललो. त्या दिशी तुला मात्र न इचारता, न बघता बोलून मोकळा झालो. लेकीचं कुंकू पुसलं गेलं हुतं, मला कुणावर तरी टाकायचं हुतं. तुझ्यावर टाकलं. चुकलो रं मी." त्यांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले.

सुजयने ते हात धरून खाली केले. त्याने ते हात नुसते धरून ठेवले, आणि काळुरामांनीही ते सोडवून घेतले नाहीत.

आता सगळे गाडीच्या काचेकडे बघत होते. शांतीबाई समोर बघत होत्या, सीटच्या पाठीकडे. मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"तसाच हुता तो," त्या शेवटी म्हणाल्या. "सात वर्सांचा असताना ताप घेऊन गुरांमागं गेला. मी दार लावून घेतलं तर खिडकीतनं गेला. कुणाचं म्हणून ऐकायचा नाय." त्यांचा आवाज फुटला, आणि त्यातच त्या हसल्याही. "मला कुणी सांगितलंच नाय, तो शेवटच्या दिशी पण तसाच हुता म्हणून. मला वाटायचं घाबरला असंल, एकटा पडला असंल."

"नाय आत्याबाई. घाबरले नव्हते. खेकसत हुते."

शांतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. पिशवी बाजूला सीटवर ठेवली. मग दाराबाहेर, अनिताच्या दिशेने, एक हात पुढे केला.

"हात दे गो मला. ही मेली गाडी इतकी खाली हाय, माझ्यानं उठवत नाय."

अनिताने हात धरून ओढलं. म्हातारीचं अंग जड, गुडघे धरलेले, सीट खोल आणि मऊ. एका हाताचं ते काम नव्हतं. तेवढ्यात इंदुबाई पायऱ्या उतरून आल्या, पिठाचे हात पुसायलाही थांबल्या नाहीत, त्यांनी विहिणीचा दुसरा हात धरला, आणि दोघींनी मिळून शांतीबाईंना अंगणात उतरवून घेतलं.